सपाट पडद्याचा इतिहास आणि गृहस्थाची निवड

ज्या वस्तूंचा इतिहास आपण कधी विचारीत नाही, त्याच वस्तू पुष्कळदा आपल्या घरात सर्वांत मानाची जागा पटकावून बसतात. बैठकीच्या खोलीत आज अशी जागा दूरचित्रवाणीच्या संचाने घेतली आहे. बैठकीतील खुर्च्यांची तोंडे त्याच्याकडे असतात, जेवणाच्या वेळा त्याच्या वेळांशी जमवून घेतल्या जातात, आणि पाहुण्याच्या स्वागताचा पहिला विधी म्हणजे त्याचा आवाज कमी करणे हा होऊन बसला आहे. असे असूनही तो संच विकत घेण्याची वेळ येते तेव्हा सुशिक्षित गृहस्थदेखील अगदी निःशस्त्र होऊन दुकानात शिरतो. समोर भिंतभर पडदे एकाच वेळी झळकत असतात. विक्रेता इंच, रेषा आणि इंग्रजी आद्याक्षरे ह्यांचा मारा करीत असतो. आणि शेवटी जो पडदा सर्वांत अधिक लखलखतो तो घरी येतो.

ही निवड योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचे साधन दुकानात मिळत नाही. ते इतिहासात मिळते असे आमचे मत आहे. विक्रेता जे आकडे सांगतो त्यांतील प्रत्येक आकडा कोठून तरी आलेला आहे, आणि तो जेथून आला ते ठिकाण बहुधा आपल्या घराहून फार निराळे होते.

आरंभ काचेच्या नळीपासून केला पाहिजे. १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनंड ब्राउन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने निर्वात नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून तिच्या टोकावरील लेपावर प्रकाशाचा ठिपका हवा तसा हलवून दाखविला. ह्या ठिपक्याने चित्र रेखाटता येईल, आणि चित्र टिपण्याच्या कामीही तसलाच झोत वापरता येईल, ही कल्पना कॅम्बेल स्विंटन ह्या स्कॉटिश अभियंत्याने १९०८ साली ‘नेचर’ नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात मांडली. लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड ह्याने जानेवारी १९२६ मध्ये फिरत्या तबकडीच्या साहाय्याने विद्वानांच्या एका मेळ्यापुढे हलते चित्र दाखविले खरे. परंतु भविष्य तबकडीचे नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानमध्ये केंजिरो ताकायानागी ह्याने नळीच्या पडद्यावर जपानी लिपीतील एक अक्षर उमटविले, आणि सप्टेंबर १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे फायलो फार्न्सवर्थ ह्या एकवीस वर्षांच्या तरुणाने संपूर्णपणे इलेक्ट्रॉनांच्या बळावर चित्र पाठविले. ते चित्र म्हणजे केवळ एक सरळ रेषा होती. पुढे नोव्हेंबर १९३६ मध्ये बी. बी. सी.ने अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केले तेव्हा बेअर्डची २४० रेषांची पद्धती आणि मार्कोनी-ई. एम. आय. ह्यांची ४०५ रेषांची पद्धती आळीपाळीने चालविण्यात आली. काही महिन्यांतच पहिलीला निवृत्त व्हावे लागले.

ह्या नळीचा एक स्वभाव होता आणि त्या स्वभावाने पुढील सत्तर वर्षे जगातील बैठकीच्या खोल्यांची मांडणी ठरविली. झोत मागून सुटून पुढील काचेवर फाकावयाचा, म्हणून पडदा जितका मोठा तितकी नळी लांब. १९३६-३७ मधील काही इंग्रजी संचांत नळी इतकी लांब होती की ती पेटीत उभी बसवावी लागे आणि झाकणाला लावलेल्या आरशात चित्र पाहावे लागे. झोत अधिकाधिक कोनातून वळविण्याची युक्ती साधत गेली तशी पेटीची खोली कमी होत आली. परंतु ती नाहीशी झाली नाही. त्यातच आतील निर्वात पोकळीमुळे हवेचा दाब काचेवर येई, आणि तो पेलण्यासाठी काच जाड करावी लागे. म्हणून मोठ्या पडद्याचा संच हलवावयाचा म्हणजे शेजाऱ्यांना हाक मारण्याचा प्रसंग.

आरंभीच्या नळ्यांचे तोंड गोल होते, म्हणून त्यांचे माप व्यासावरून सांगत. पुढे तोंड चौकोनी झाले. तरी एकाच आकड्यात माप सांगण्याची सवय सुटली नाही, आणि व्यासाच्या जागी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण आला. आज ‘पंचावन्न इंची’ म्हणताना आपण जे बोलतो ते त्या गोल नळीचे उष्टे माप होय. ह्या मापाने केवढा भ्रम होतो ते पुढे दाखवू.

आपल्या देशात दूरचित्रवाणी आली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रयोगादाखल. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि पुढच्या वर्षी पुणेकरांनाही ते कार्यक्रम दिसू लागले. त्या काळी निवडीचा प्रश्नच फारसा नव्हता. वाहिनी एक, चित्र कृष्णधवल, आणि ईसी, क्राऊन, वेस्टन, डायनोरा अशा मोजक्या देशी नावांपैकी जो संच मिळेल तो घ्यावयाचा. संचासाठी परवाना लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे; ही पद्धत १९८५ साली रद्द झाली. संच लाकडी पेटीत येई, त्याला सरकते दार असे, आणि कार्यक्रम संपला की ते दार देव्हाऱ्याच्या दाराप्रमाणे बंद करीत. आळीत एका घरी संच असे आणि रविवारच्या चित्रपटास सारी आळी त्या घरी सतरंजीवर बसे. १९८२ च्या ऑगस्टात स्वातंत्र्यदिनी राष्ट्रीय प्रक्षेपणात रंग आले, वर्षअखेरीस दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत संचांची हौस वाढविली, आणि तेव्हापासून ‘कोणता घ्यावा’ हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात प्रथम उत्पन्न झाला.

इकडे आपण लाकडी दारे सरकवीत होतो तेव्हा दूरच्या प्रयोगशाळांत ती नळीच नाहीशी करण्याचे प्रयत्न चालू होते. आश्चर्याची गोष्ट ही की ते प्रयत्न करणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात बैठकीची खोली मुळीच नव्हती. प्राग येथे १८८८ साली फ्रीडरिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करीत असताना त्याला दिसले की ते दोनदा वितळते: सुमारे १४५ अंशांस ते गढूळ द्रव होते आणि १७८ अंशांच्या पुढे निवळते. त्या गढूळ अवस्थेत द्रवाचे वाहणे आणि स्फटिकाची शिस्त एकत्र नांदत होती. ह्या ‘द्रवस्फटिकां’चा उपयोग काय, हे ऐंशी वर्षे कोणास नीट सांगता आले नाही. १९६८ साली अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्याचे सहकारी ह्यांनी विजेचा दाब देऊन द्रवस्फटिकाचे पारदर्शकत्व बदलणारा पडदा जगापुढे ठेवला. तथापि त्या वेळचे पदार्थ टिकाऊ नव्हते. नेहमीच्या तापमानात टिकून राहणारे द्रवस्फटिक इंग्लंडातील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे ह्याने १९७३ च्या सुमारास तयार केले. त्याच सुमारास पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाउस कंपनीत पीटर ब्रॉडी ह्याने प्रत्येक ठिपक्यामागे एकेक सूक्ष्म ट्रान्झिस्टर बसविण्याची युक्ती सिद्ध केली. आजच्या बहुतेक सपाट पडद्यांचा हाच पाया होय. परंतु अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांना ह्या कामाची चिकाटी राहिली नाही. जपान्यांनी ते आधी गणकयंत्रांत, मग मनगटी घड्याळांत, मग खिशातील चिमुकल्या संचांत वापरून हळूहळू वाढविले. लहान पडद्यापासून मोठ्याकडे जाण्यास त्यांना पंचवीसतीस वर्षे लागली.

दुसरी शाखा तर पाठशाळेतून निघाली. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकाने शिकविण्याची योजना चालू होती. विद्यार्थ्यापुढे ठेवण्याच्या पडद्यावरील चित्र सतत ताजे करीत राहणे त्या काळच्या यंत्रांना महाग पडे. म्हणून उजळलेला ठिपका स्वतःच उजळ राहील असा पडदा डॉनल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन ह्यांनी १९६४ साली शोधला. दोन काचांमध्ये कोंडलेल्या वायूचे ते सूक्ष्म दिवे होत. ह्यालाच प्लाझ्मा पडदा म्हणू लागले, आणि १९९० नंतरच्या दशकात भिंतीवर टांगता येईल असा मोठा सपाट संच प्रथम बाजारात आला तो ह्याच जातीचा.

ह्या दोन शाखांची बाजारात जी झुंज झाली ती आमच्या विषयाचा गाभा आहे. प्लाझ्मातील प्रत्येक ठिपका स्वतः उजळे आणि विझला की जवळजवळ काळा होई. द्रवस्फटिकाचा ठिपका स्वतः उजळत नाही. त्याच्या मागे सतत दिवा जळत असतो आणि ठिपका केवळ चिकाच्या पडद्यासारखा उघडझाप करतो. चिक कितीही नीट लावला तरी थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळे रात्रीच्या दृश्यातील काळोख करडा दिसतो. संध्याकाळी मंद दिव्यात चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबाला प्लाझ्माचे चित्र अधिक खोल आणि निकोप वाटावयास पाहिजे होते, आणि जाणत्यांना ते तसे वाटतही होते. पायोनियर कंपनीने आपल्या प्लाझ्मा संचांना ‘कुरो’, म्हणजे जपानी भाषेत ‘काळा’, हे नाव अभिमानाने दिले ते उगीच नव्हे. परंतु दुकानात मंद दिवे नसतात. तेथील लखलखाटात प्लाझ्माचा पडदा निस्तेज दिसे, आणि शेजारचा द्रवस्फटिकाचा पडदा मागील दिव्याच्या जोरावर डोळ्यांत भरे. शिवाय तो वजनाला हलका, विजेला कमी खाऊ, आणि कारखानदारी वाढत गेली तसा स्वस्तही होत गेला. पायोनियरने २००९ साली ह्या धंद्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचे उत्पादन थांबविले, आणि पुढच्या वर्षी कोरियातील मोठ्या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. ह्या पराभवाला वजन आणि किंमत ही कारणे होतीच. पण दुकानातील दिवे हेही एक कारण होते, ही गोष्ट ग्राहकाने विसरू नये. रात्रीच्या उपयोगाची वस्तू भर दुपारच्या उजेडात पारखली गेली.

तोच प्रकार आजही चालू आहे. दुकानातील संच सामान्यतः भडक रंगांवर आणि कमाल तेजावर लावलेला असतो. तो त्याच स्थितीत घरी चालविला तर माणसांचे चेहरे शेंदरी आणि गवत विषारी हिरवे दिसते. घरी आल्यावर ‘सिनेमा’ अथवा तत्सम सौम्य मांडणी निवडली की पहिले दोन दिवस चित्र फिके वाटते, आणि तिसऱ्या दिवसापासून पूर्वीचे भडक वाटू लागते.

नावांच्या बाबतीतही असाच गोंधळ आहे. ‘एल. ई. डी. टीव्ही’ ही वस्तुतः निराळी जात नव्हे. तो द्रवस्फटिकाचाच पडदा. फक्त मागे पूर्वी पाऱ्याच्या वाफेच्या नळ्या जळत, त्यांच्या जागी आता सूक्ष्म दिवे आले. हे दिवे शक्य झाले ते निळ्या प्रकाशाच्या शोधामुळे; त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘क्यू. एल. ई. डी.’ ह्या नावाने विकले जाणारे संचही त्याच कुळातले. त्यांत रंग शुद्ध करणाऱ्या सूक्ष्म कणांचा एक थर वाढलेला असतो. खरी निराळी जात म्हणजे ‘ओ. एल. ई. डी.’. तिचा पाया कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक ह्यांनी १९८७ साली घातला. तीत प्रत्येक ठिपका पुनः स्वतःच उजळतो; म्हणजे प्लाझ्माचा गुण नव्या जन्मात परत आला. त्याबरोबर दोषही आला. एकच ठसा दीर्घकाळ पडद्यावर राहिला तर त्याचा डाग उरण्याचा संभव असतो. ज्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी तळाच्या धावत्या पट्टीसह चालू असते, त्या घराने ह्या जातीच्या मोहात पडण्यापूर्वी विचार करावा. उलट जेथे दिवस मावळल्यावर दोन तास शांतपणे चित्रपट पाहिला जातो, तेथे तिच्यासारखी दुसरी नाही.

आता मापाकडे वळू. पंचावन्न आणि पासष्ट इंच हे आकडे कोणाच्या खोलीवरून ठरले नाहीत. मागाच्या पन्ह्यावरून जसे लुगड्याचे माप ठरते, तसे कारखान्यातील मूळ काचेच्या तक्त्यावरून पडद्याचे माप ठरते. एका पिढीतील कारखान्यांचा तक्ता सुमारे २.२ मीटर रुंद व २.५ मीटर लांब असतो. त्यातून पंचावन्न इंचांचे सहा तुकडे फारशी काच वाया न जाता निघतात. त्याहून मोठ्या तक्त्यातून पासष्टाचे आठ निघतात. ज्या मापाचे तुकडे चांगले निघतात ते माप स्वस्त होते, आणि जे स्वस्त होते तेच ‘आजकाल सर्व घेतात ते माप’ म्हणून आपल्यापुढे येते.

कर्णाच्या मापाचा भ्रमही येथेच पाहावा. जुन्या नळीचा पडदा चारास तीन ह्या प्रमाणाचा होता, आजचा सोळास नऊ ह्या प्रमाणाचा आहे. एकोणतीस इंची जुन्या पडद्याची उंची हिशेबाने सतरा इंचांहून अधिक येते. काठाखाली झाकलेला भाग वजा केला तरी ती सोळाच्या आसपास राहते. बत्तीस इंची सपाट पडद्याची उंची पावणेसोळा इंचांहून कमी. म्हणजे ज्या कुटुंबाने एकोणतीस इंची नळी काढून बत्तीस इंची सपाट संच घेतला, त्याच्या घरी जुन्या मालिकांतील माणसे तीन इंचांनी वाढण्याऐवजी किंचित खुजीच झाली.

रेषांचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडील जुन्या प्रक्षेपणात ६२५ रेषा होत्या. पुढे १०८० आल्या. आता ‘फोर-के’ म्हणजे २१६० रेषांचा काळ आहे. परंतु रेषा मोजावयाच्या त्या डोळ्याने, आणि डोळ्याची शक्ती ठरलेली आहे. सामान्य निरोगी दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान भेद वेगळा करता येत नाही. ह्यावरून गणित केले तर पडद्याच्या उंचीच्या सुमारे सव्वातीन पट अंतरापलीकडे बसणाऱ्यास १०८० रेषाच एकमेकींत मिसळून दिसतात. मग त्या २१६० केल्या काय किंवा चौपट केल्या काय, त्याला भेद कळू नये. त्रेचाळीस इंची पडद्याची उंची एकवीस इंच. त्याचे हे अंतर सुमारे साडेपाच फूट. पंचावन्न इंचीची उंची सत्तावीस इंच; अंतर सुमारे सात फूट. ज्याची खुर्ची पडद्यापासून दहा फुटांवर आहे, त्याला ‘फोर-के’चा खरा लाभ पंचाहत्तर इंचांच्या अलीकडे होणे कठीण. आज मोठे संच बहुतेक ‘फोर-के’च मिळतात, तेव्हा ते घेण्यास हरकत नाही, पण ‘एट-के’ ह्या नावासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी गृहस्थाने शिंप्याकडची टेप घेऊन आपली खोली एकदा मोजावी. जुने वर्तमानपत्र अठ्ठेचाळीस इंच रुंद व सत्तावीस इंच उंच असे जोडून भिंतीला चिकटविले की पंचावन्न इंची म्हणजे काय, ते घरातील सर्वांना समजते. कागद लावताना त्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीस ठेवावा. जुना संच टेबलावर असे. नवा हलका आहे म्हणून त्याला छताजवळ टांगणे म्हणजे रोज दोन तास मानेस शिक्षा देणे होय.

पडदा सपाट झाला तेव्हा आपण काही गमावलेही. लाकडी पेटीत आवाजाला पोकळी मिळत असे. बोटभर जाडीच्या संचात ती नाही, आणि कर्णे बहुधा खाली अथवा मागे तोंड करून बसविलेले असतात. म्हाताऱ्या माणसांना ‘हल्लीचे नट पुटपुटतात’ असे वाटते, त्यातला काही दोष नटांचा नसून पेटीचा आहे. अंदाजपत्रकातील काही रक्कम वेगळ्या ध्वनिपट्टीसाठी राखून पडदा एका पायरीने लहान घेतला, तर घरातील वडीलधाऱ्यांची अधिक सोय होते.

आणि एक गोष्ट नव्यानेच आली आहे. जुना संच आपल्याला दिसत असे. नवा संच आपल्यालाही पाहतो. आपण काय लावले ह्याची नोंद ठेवून ती विकण्याची सोय अनेक ‘स्मार्ट’ संचांत असते. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने सुमारे एक कोटी दहा लाख संचांतून प्रेक्षकांच्या संमतीवाचून अशी माहिती गोळा केल्याचा ठपका आला आणि २०१७ साली २२ लाख डॉलर देऊन तिने तो खटला मिटविला. संच स्वस्त का मिळतो, ह्याचे एक उत्तर येथे आहे. पहिल्याच दिवशी जी लांबलचक संमती विचारली जाते तिच्यात जाहिरातीसाठी नोंद ठेवण्याचा भाग बहुधा निराळा असतो, तो नाकारावा. ह्या ‘स्मार्ट’पणाचे आयुष्यही पडद्याहून कमी असते. युरोपीय संघाने २०२१ पासून सुट्या भागांसाठी सात आणि अंतर्गत कार्यप्रणालीच्या सुधारणांसाठी आठ वर्षांची किमान मुदत उत्पादकांवर घातली आहे. आपल्याकडे ग्राहकानेच हे विचारून घ्यावयास पाहिजे: नवी प्रणाली किती वर्षे मिळेल, आणि पडदा फुटला तर आपल्या गावात तो कोण बदलून देईल? दुरुस्तीचा माणूस असलेले साधे नाव हे नसलेल्या मोठ्या नावाहून श्रेयस्कर.

ह्या साऱ्या इतिहासातून एक बोध निघतो. नळीच्या काळी झोताची लांबी निर्णय करीत होती, प्लाझ्माच्या काळी दुकानातील दिवे, आणि आज काचेचा तक्ता व जाहिरातीचे उत्पन्न हे करीत आहेत. ह्यांपैकी एकालाही आपल्या खोलीची रुंदी, आजोबांचे कान अथवा मुलांच्या झोपेची वेळ ठाऊक नाही. ती ज्याला ठाऊक आहेत त्या गृहस्थाने दुकानात जाण्यापूर्वीच निर्णयाचा मोठा भाग घरी बसून करावा: किती अंतर, किती उजेड, कोण पाहणार, काय पाहणार, आणि किती वेळ. ही पाच उत्तरे कागदावर लिहून नेली तर विक्रेत्याच्या पन्नास आकड्यांपैकी पंचेचाळीस आपोआप गळून पडतात, आणि उरलेल्या पाचांविषयी त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते.

लाकडी संचाचे ते सरकते दार मात्र नव्या संचाबरोबर येत नाही. ते ज्याचे त्याने बसवावयाचे आहे.